पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतात वर्षाचं घरचं धान्य कसं बसवायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करते. पाच एकर, तेही एकसारखं नाही. तीन एकर मध्यम काळी, बाकी मुरमाड उताराची. घरात पाच माणसं. हे लिहितेय ते अशाच घरांसाठी, जिथे नगदी पीक सोडणं परवडत नाही आणि नुसत्या नगदी पिकावर चूल चालत नाही. कपाशी सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. पोरांची फी, दवाखाना, लग्नकार्य, बँकेचं कर्ज हे सगळं कापसाच्याच पैशाने फिटतं. पण तो पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि आला तसा वाटेला लागतो. आषाढ ते भादवा हे तीन महिने घरात काय शिजवायचं, याचं उत्तर कापसाकडे नसतं. बियाणं, खत, निंदणात हात रिकामा झालेला, शेतात पीक उभं आणि किराणा उधारीवर. या तीन महिन्यांत घरातल्या बाईच्या ताटातली डाळ पहिली कमी होते, मग पोरांच्या ताटातली. म्हणून ही सगळी खटपट.

आमच्या भागात ज्वारी का गेली, हे आधी समजून घ्यावं, कारण तीच कारणं आजही आडवी येतात. सोयाबीन आलं, चार महिन्यांत पैसा देऊ लागलं. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत गावंच्या गावं पांढरी झाली. ज्वारीला भाव नव्हता, पाखरं आणि रानडुकरं होती, कापणी-खुडणी-मळणीला माणूस मिळेना. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी बैलजोडी आणि गाय गेली, आणि गाईमागे घरचं दूध-ताक गेलं. एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही. कृषी केंद्रात सरकीचं पाकीट आणि सोयाबीनची बॅग उधारीवर मिळते, ज्वारी-मुगाचं बियाणं उधार कोणी देत नाही. म्हणजे शेतात काय पेरायचं हे अर्धंअधिक दुकानाच्या उधारीवर ठरतं. घरचं धान्य पेरायचं असेल तर त्याचं बियाणं घरच्याच कोठीतून निघालं पाहिजे. या कामाची सुरुवात तिथूनच होते.

हिशोब मे महिन्यात, बियाणं आणायच्या आधी

एकदा पाकिटं घरात आली की शेत वाटलं गेलं म्हणून समजा. म्हणून अक्षय्यतृतीया झाली की वहीचं एक पान घ्या आणि घरच्या सगळ्यांसमोर बसून लिहा.

आमच्या घरी पाच माणसांत दोघं शेतात राबणारे, एक म्हातारी, दोन शाळकरी पोरं. रोजचं पीठ आणि तांदूळ मिळून पावणेदोन किलो लागतं. वर्षाचे झाले साधारण ६४० किलो. आता रेशन धरा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे वर्षाचे ३०० किलो. अंत्योदय कार्ड असेल तर घरटी महिन्याला ३५ किलो. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आमच्यासकट १४ जिल्ह्यांत २०१५ पासून स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात येऊ लागले, पुढे ते १७० झाले. तो पैसा खात्यात आला की मोबाइलच्या रिचार्जमध्ये आणि बियाण्यात मिसळून जातो. तुमच्याकडे असं असेल तर ती रक्कम धान्यात मोजूच नका, सगळं धान्य शेतातूनच यायचं आहे असं धरून चाला.

प्राधान्य कार्डाचे ३०० वजा केले की उरतात ३४० किलो. म्हणजे साडेतीन क्विंटल ज्वारी. तेवढीच लागते. लोकांना वाटतं घरचं धान्य म्हणजे अर्धं शेत जाणार. साडेतीन क्विंटल म्हणजे अर्ध्या एकराच्याही आतलं काम आहे.

डाळीचा हिशोब यापेक्षा महत्त्वाचा, कारण रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि वरण फक्त गहू-तांदळाचं होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शिका काढली. तिच्यात माणशी दिवसाला ८५ ग्रॅम डाळी सांगितल्यात, त्यात अंडी-मांस खाणाऱ्यांचा तोही वाटा आला. पाच माणसांचे वर्षाचे १५५ किलो होतात. मी ते असे वाटते: तूरडाळ ८०, मूग ३०, हरभऱ्याची डाळ ३५, उडीद १०. शंभर किलो तुरीची घरगुती डाळ सत्तर किलोच्या आसपास पडते, तेव्हा ८० किलो डाळीला सव्वा क्विंटल तूर हवी. त्यात बियाणं आणि थंडीत खायचे ओले सोले धरून दीड क्विंटल लिहा. तुमच्या घरी माणसं जास्त असतील तर हाच हिशोब वाढवा. आणि पोरगी बाळंतपणाला यायची असेल तर तिलाही मोजा.

तासं कशी मांडायची

कपाशीच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, तीन फूट अंतर असतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची एक जुनी शिफारस आहे: कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी, प्रमाण ६:१:२:१. म्हणजे कपाशीची सहा तासं, मग ज्वारीचं एक, तुरीची दोन, पुन्हा ज्वारीचं एक, आणि परत कपाशीची सहा. दहा तासांचा, तीस फुटांचा एक पट्टा झाला. दोन एकरावर असे पट्टे टाकले की ज्वारीच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा येतो, सोळा गुंठे. तुरीलाही तेवढाच. सोळा गुंठ्यांत मध्यम जमिनीत बऱ्या पावसावर तीन-साडेतीन क्विंटल ज्वारी येते आणि दीड ते दोन क्विंटल तूर. वर वहीत लिहिलेला आकडा नेमका हाच आहे. म्हणून मला ही मांडणी इतकी पटते. दोन एकर कपाशीच्या आत पाच माणसांची वर्षाची भाकर आणि वरण बसतं.

ज्वारी तुरीच्या दोन्ही अंगाला का? तूर पहिले तीन महिने हळू वाढते. तेवढ्यात ज्वारी वाढते, निसवते आणि दसऱ्याच्या आसपास कापून निघते. मग तुरीला दोन्हीकडे मोकळं रान मिळतं आणि ती पसरते. ज्वारीच्या सोबतीने तुरीत मर रोगही कमी येतो. कणसांवर बसणारी पाखरं कपाशीतल्या अळ्या टिपतात, तो वेगळा फायदा. तेव्हा पट्ट्यात आणखी पक्षीथांबे रोवायचं काम उरत नाही.

बियाणं अगदी थोडं लागतं. दोन एकरातल्या या तासांना ज्वारी दीड किलो, तूर दोन-अडीच किलो. सरकी टोबायला दोरी धरतो तेव्हाच कुठली तासं रिकामी ठेवायची त्याला काडी रोवून खूण करा, नाहीतर टोबणाऱ्या बाया ओघात सगळीकडे सरकी टाकून मोकळ्या होतात. ज्वारी तासात चार-पाच बोटांवर एक ताट, म्हणजे एक झाड, राहील अशी विरळा, तूर एका फुटावर एक. ज्वारीच्या बियाण्याला काणी रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. तुरीला ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी रोखणारी बुरशी) आणि रायझोबियम (मुळांत नत्र धरणारे जिवाणू) लावून सावलीत सुकवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय काहीच टोबू नका, पण ज्वारी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे ढकलू नका. उशिरा पेरलेल्या ज्वारीचे पोंगे खोडमाशी वाळवून टाकते.

उरलेल्या तीन एकरांचं असं: एक एकर कपाशीत दोन तासांच्या मध्ये मुगाचं एक तास, थोडा भाग उडदाचा. मूग साठ-पासष्ट दिवसांत पोळ्याच्या आगेमागे निघतो. हाच खरा हाताला येणारा पहिला माल. घरचे चाळीस किलो मूग-उडीद बाजूला काढायचे, उरलेला विकून पोळा आणि गणपती उधारीशिवाय निघतो. मुगाच्या शेंगा काळ्या पडल्या की पाऊस बघत बसू नका, दोन तोड्यांत घरात आणा. झाडावरच ओल्या राहिलेल्या शेंगेला आतच मोड येतात.

दीड एकर सोयाबीन ठेवा, खुशाल विका. ते निघाल्यावर अर्ध्या एकरात ओल असेल तर हरभरा पेरा, एखादं पाणी मिळालं तर उत्तमच. जाकी ९२१८ हा वाण आमच्याकडे चांगला येतो. घरच्या डाळीला पन्नास किलो हरभरा पुरतो, बाकी बाजारात. मुरमाड उतारावर तीळ आणि भुईमुगाची थोडी तासं टाका, कारण आपण सोयाबीन क्विंटलने विकून त्याच्याच तेलाचं पाकीट दुकानातून आणतो. पाच माणसांचं सगळं तेल कोरडवाहूत घरी होत नाही. पण तिळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट आणि जवस घरचं असलं की तेलाची गरज बरीच घटते.

पैशाचं स्पष्ट बोलते. दोन एकरांत कपाशीची चाळीस टक्के तासं गेली, म्हणजे कोरडवाहूत तीन ते चार क्विंटल कापूस कमी. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, तेव्हा पंचवीस-तीस हजारांचा कापूस गेला. त्यातून बियाणं, खत, फवारणी आणि वेचाई वजा करा, अर्ध्याहून कमी हातात राहतं. आणि त्याच्या बदल्यात साडेतीन क्विंटल ज्वारी, त्याच वर्षी ८००० हमीभाव असलेली दीड-दोन क्विंटल तूर, कडबा आणि तुराट्या. कापसाला दहा हजार भाव आला त्या वर्षी शेजारी तुम्हाला हिणवेल. त्याची तयारी ठेवा, आणि तासं मोडू नका. भाव दरवर्षी येत नाही, भूक येते.

फवारणीचं सगळ्यात नीट वाचा

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून फवारणी म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर नसतो. कपाशीत खायचं पीक घेताना हे विसरून चालत नाही: जे कपाशीवर पडतं ते शेजारच्या तासावरही पडतं.

म्हणून मूग घरात येईपर्यंत, म्हणजे पोळ्यापर्यंत, त्या एकरात निंबोळी अर्काशिवाय काही मारू नका. सरकीला कंपनीनेच औषध लावलेलं असतं, सुरुवातीच्या मावा-तुडतुड्यांना ते आणि निंबोळी पुरतं. पाच टक्क्यांचा अर्क असा करायचा: आषाढात झाडाखालच्या निंबोळ्या वेचून, गर काढून, वाळवून ठेवायच्या. त्या पाच किलो कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी फडक्यातून गाळायचं. लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून त्यात ओतायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. केलं त्याच दिवशी फवारायचं, उन्ह कलल्यावर.

पट्ट्याच्या दोन एकरात ज्वारी चिकात, म्हणजे दाणा दुधाळ, असताना कपाशीवर मोठी फवारणी करायची वेळ आलीच, तर ज्वारीला लागून असलेलं कपाशीचं तास सोडून द्या. सकाळी वारा पडलेला असताना नोझल खाली धरून फवारा. डब्याच्या चिठ्ठीवर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते लिहिलेलं असतं. घरात शिकलेलं पोर असेल त्याच्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या. कपाशीच्या तासातली चिवळ, माठ, तरोटा, केना या रानभाज्या पहिल्या रासायनिक फवारणीनंतर घरी आणू नका, कितीही कोवळ्या दिसल्या तरी. तणनाशकाचा तर विषयच नाही. कपाशीतल्या तणनाशकाने ज्वारीही जाते आणि भाजीही. पट्ट्यात डवरे आणि निंदणच. रिकामे झालेले औषधाचे डबे धान्याला, पाण्याला, दळणाला कशालाही वापरायचे नाहीत.

दहा गुंठे घराजवळचे

कपाशीपासून लांब, शक्यतो वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आंघोळीचं पाणी जिथे नेता येईल तिथे. यात काय लावायचं ते सगळ्यांना येतं. मी फक्त महिन्यांचं सांगते, कारण चूक तिथे होते. एकाच वेळी सगळं लावलं की भादव्यात दोडकी खाऊन कंटाळा आणि चैत्रात ताट कोरडं. मृगात पालेभाज्या आणि अंबाडी टाका, त्या आषाढातच ताटात येतात. त्याच सुमाराला वेल, म्हणजे दोडका, कारलं, कोहळं, बरबटी. ते श्रावणापासून. वालाचे वेल कुंपणावर चढवा, थंडीत पोपटाच्या शेंगा होतात. वांगी आणि मिरचीची रोपं जुलैत. धुऱ्यावर (बांधावर) शेवगा, हेटी (हादगा), लिंबू, कढीपत्ता. शेवगा उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा देतो आणि पानं वर्षभर. अंबाडीची पानं जातात तेव्हा फुलं येतात, फुलं गेली की बी चटणीला आणि सोट दोरीला. उन्हाळ्यासाठी वांग्याच्या खुला (वाळवलेल्या फोडी), हरभऱ्याचा पाला आणि मेथी थंडीतच वाळवून ठेवा.

कोंबड्या पाच-सहा असाव्यात. त्यांच्यासाठी वेगळं काही लागत नाही.

पाखरं, डुकरं आणि शेजार

एकट्याच्या शेतात ज्वारी असली तर गावातली सगळी पाखरं तिथेच उतरतात. हे खरं आहे आणि ज्वारी सोडण्याचं हे फार मोठं कारण आहे. याला उपाय एकच मला कामी पडलेला दिसला: एका शिवारात चार-पाच घरांनी मिळून एकाच आठवड्यात पट्टे टाकायचे. पाखरं वाटली जातात, राखणही वाटली जाते. आमच्या बचत गटातल्या बायांनी शेजारशेजारची शेतं निवडली. कणीस चिकात आल्यापासून कापणीपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाळ्या लावल्या. पोरं शाळेतून आली की गोफण घेऊन शेतातल्या माळ्यावर. अजून एक, ज्वारी पट्ट्यात असली की डुकरांना आडोसा कमी मिळतो, अखंड वावर असतं तेवढा नाही. तरी रोही (नीलगाय) आणि डुकरांनी नुकसान केलंच तर त्याच दिवशी फोटो काढा आणि वनविभागाकडे अर्ज द्या. पंचनामा लवकर झाला तरच भरपाईचं काही होतं.

कणसं भरताना लांबलेला पाऊस आला तर खरिपाची ज्वारी काळी पडते. दाणा कडक झाला असेल तर ताट उभं ठेवून आधी कणसं खुडून आणा आणि छपराखाली पसरा. काळी पडलेली बुरशीची ज्वारी माणसांना नाही आणि कोंबड्यांनाही नाही.

घरात आलेलं टिकवायचं कसं

पिकवणं निम्मं काम. माघात घरात आलेली तूर भादव्यापर्यंत टिकली तरच उपयोग, आणि भुंगा तिच्या वाटेवरच बसलेला असतो. अख्ख्या दाण्यावर तो अंडी घालतो, डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. म्हणून खायची तूर होळीच्या आधी डाळ करून टाका.

तूर चांगली वाळली का ते दाताने बघा. दाणा चावला आणि कट् आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळली. दाताला चिकटला तर आणखी दोन उन्हं. मग जात्याची पाळी थोडी उचलून सैल भरडा, डाळ पाडायची नाही, फक्त सालाला ओरखडे पडले पाहिजेत. आता हाताला तेल-पाणी लावून दाणा न् दाणा चोळा. सगळ्या तुरीला चकाकी आली की पोत्याखाली ढीग करून रात्रभर झाका. सकाळी अंगणात पातळ पसरा. दोन-तीन उन्हांत साल सुटून दाण्यावर सैल होतं, मूठभर हातात घेऊन चोळली तर साल वेगळं पडतं. तेव्हा पुन्हा भरडा, पाखडा. चुनी, म्हणजे सालासकट पडलेला चुरा, गाईला किंवा शेळीला. जातं नसेल तर अकोला विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल बऱ्याच गावांत बचत गटांकडे आहे, तिथे करून घ्या. चुनी मात्र परत मागून आणा, ती तुमचीच आहे.

बियाण्याची तूर आणि मूग अख्खेच ठेवावे लागतात. त्यांना किलोला ५ ते १० मिलिलिटर खाण्याचं तेल चोळून डब्यात घट्ट बंद करा. ज्वारी तीन-चार कडक उन्हं देऊन, रात्री थंड करून मगच भरा. गरम धान्य भरलं की आत घाम सुटतो. कणगी शेणाने सारवलेली असेल तर ती पूर्ण सुकल्याशिवाय भरू नका, खाली विटा आणि फळ्या टाका, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये.

बियाण्याची ज्वारी देशी असेल तरच घरची ठेवता येते, हायब्रीडची नाही. शेताच्या मधल्या भागातली, भरलेली, निरोगी कणसं खुडणीच्या आधीच निवडा आणि जुडी बांधून आढ्याला टांगा. पेरणीच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून पाचव्या दिवशी मोजा. सत्तरच्या खाली उगवले तर दुसऱ्या घरून बदलून आणा.

विकण्याचा क्रम

आधी कोठी, मग बाजार. हे घरात ठरलेलं असलं तरी पुसमाघात मोडतं, कारण तेव्हा देणेकरी दारात असतो आणि तूर डोळ्यांसमोर. म्हणून तूर खळ्यावर असतानाच घरची दीड क्विंटल मोजून वेगळ्या पोत्यांत शिवून टाका. पोत्यावर रंगाने ‘घर’ असं लिहा. शिवलेलं पोतं उसवायला माणूस दोनदा विचार करतो. उरलेली विकताना हमीभाव केंद्राची नोंदणी वेळेत करा, बाजारभाव त्याच्या खाली असतो तेव्हाच तिचं महत्त्व कळतं.

आणि हे सगळं ठरवायला बाईचा शब्द शेतात चालला पाहिजे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९१ साली चतुरंग शेती, म्हणजे चार अंगांची शेती, मांडली, तिच्यातलं पहिलं अंग सीताशेती. घरच्या खाण्याचं, विषाविना, बाईच्या देखरेखीखालचं. त्याच काळात संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी गड्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत हजारो बायांनी घरच्यांकडून एक-एक एकर मागून घेतलं आणि त्यात आधी धान्य, डाळी, भाजी लावली. त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तेव्हा नवऱ्याकडे मागताना आपण काही नवलाचं मागतोय असं वाटून घेऊ नका. सगळं शेत मागू नका. पहिल्या वर्षी एकच एकर मागा, त्यात पट्टे टाका, आणि वहीतला आकडा कोठीतल्या आकड्याशी घरच्यांसमोर ताडून दाखवा. सासरे बहुतेक तुमच्या बाजूने येतात, त्यांना ज्वारीची आठवण असते.

ज्यांना जमीनच दीड-दोन एकर आहे त्यांना यातलं सगळं बसणार नाही. त्यांनी आधी तूर आणि दहा गुंठे धरावे, ज्वारी गटाच्या धान्य बँकेतून घ्यावी. आमच्याकडे पद्धत अशी आहे: सुगीला ज्याच्या घरी ज्वारी आली त्या प्रत्येकीने चार पायल्या गटाच्या कोठीत टाकायच्या. आषाढ-भादव्यात ज्या घरात संपलं तिने लिहून न्यायची, पुढच्या सुगीला सव्वापट परत. ज्वारी नसेल तर तेवढ्या किमतीची तूर चालते. किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे. आणि ज्या वर्षी पीकच बुडालं त्या वर्षी सव्वा नाही, घेतलं तेवढंच परत, तेही एक सुगी सोडून.

पट्टे टाकायचे असतील तर देशी ज्वारी आणि तुरीचं बियाणं कोणाकडे आहे याची चौकशी आत्ताच करून ठेवा. रोहिणी लागल्यावर कोणी देत नाही.